ओपनओसीडीची प्राथमिक जुळणी

ओपनओसीडी (संगणकावरून मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये प्रोग्राम लिहिण्याचे व त्यातील चुका शोधण्याचे सॉफ्टवेअर) सुरू करताना आधी डीबग अडॅप्टरची (संगणक व चिप यांना जोडणाऱ्या उपकरणाची) आणि त्यानंतर मायक्रोकंट्रोलरची कॉन्फिगरेशन फाइल द्यावी. लिनक्सवर यूएसबीची परवानगी नाकारली गेल्यास, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ओपनओसीडी चालवण्यापेक्षा सोबत मिळणारी यूडेव्ह (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या सांभाळणारी यंत्रणा) नियमांची फाइल बसवणे केव्हाही श्रेयस्कर.

सर्वाधिक लक्ष अडॅप्टर व चिप यांच्यातील संपर्काच्या वेगाकडे द्यावे. तारा लांब असल्या किंवा रीसेटनंतर चिप मंद क्लॉकवर चालत असली, तर संपर्क अधूनमधून तुटतो. म्हणून अडॅप्टरचा वेग आरंभी 100 किलोहर्ट्झ ठेवून, चिप ओळखली गेल्यावरच तो हळूहळू वाढवावा. चिपमधील जुन्या प्रोग्रामने डीबगच्या पिना अन्य कामाला लावल्या असतील, तर रीसेटची तारही जोडावी आणि चिप रीसेटमध्ये धरूनच संपर्क साधण्याचा पर्याय निवडावा.

त्यानंतर जीडीबी हा डीबगर (प्रोग्राममधील चुका शोधण्याचे साधन) ओपनओसीडीच्या 3333 या पोर्टला जोडून, चिप थांबवून प्रोग्राम फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमस्वरूपी मेमरीत) लिहावा.