पोरांना पैशाचं शिकवायचंय? फोनच्या हप्त्यापासून सुरू करा

एस.वाय. बीकॉमच्या वर्गात पहिल्याच तासाला मागणी-पुरवठ्याचा आलेख काढू नका, सरळ विचारा की कोणाकोणाचा फोन हप्त्यावर घेतलाय. माझ्या वर्गात भरपूर हात वर होतात, पण व्याज किती टक्के विचारलं की सगळे गप्प, कारण दुकानात त्यांना फक्त हप्ता सांगितलेला असतो.

मग फळ्यावर मांडा: कर्ज २०,०००, मुदत १२ महिने, व्याज १२ टक्के 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर. व्याज झालं २,४००, हप्ता साधारण १,८६७. इथपर्यंत पोरं म्हणतात, मॅडम बरोबरच आहे की. आता विचारा, सहा हप्ते भरल्यावर तुमच्याकडे कर्ज देणाऱ्याचे किती पैसे उरले, निम्म्याच्या आसपास ना, मग व्याज अजून पूर्ण २०,००० वर का देताय? इथे घाई अजिबात करू नका, दोन मिनिटं वर्ग शांत राहिला तरी राहू दे. मग एक्सेलच्या रेट फंक्शनमध्ये १२, उणे १,८६७ आणि २०,००० टाकायला लावा, उत्तराला १२ ने गुणा, खरा दर निघतो २१.५ टक्क्यांच्या आसपास! घटत्या शिल्लकीवर १२ टक्के असते तर व्याज १,३२४ च्या जवळपासच झालं असतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना की फॅक्ट्स स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) बंधनकारक केलंय, त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून निघणारा वर्षाचा दर, कुठे लिहिलेला असतो ते नक्की दाखवा.

दुसऱ्या तासाला भिशी घ्या, ती बऱ्याच पोरांनी घरात बघितलेली असते. दहा जणी, प्रत्येकी २,०००, पण एकीला आत्ताच गरज आहे म्हणून ती बोली लावून १८,००० वरच उचलते आणि सोडलेले २,००० सगळ्यांत वाटले जातात. तिने ते का सोडले? थांबता येत नव्हतं म्हणून. व्याज म्हणजे हेच, हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तकातला 'पैशाचं कालमूल्य' धडा पोरं स्वतःच वाचतात.

क्रेडिट कार्डाला एकच उदाहरण पुरतं. बाकी १०,०००, महिन्याला ३.५ टक्क्यांनी व्याज ३५०, त्यावर जीएसटी ६३, आणि मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून ५०० भरले तर मुद्दल फिटलं फक्त ८७ रुपये.

आणि एक, कोणालाही घरचं उत्पन्न किंवा कर्ज वर्गात सांगायला लावू नका, आकडे आपणच द्यायचे. माझी एक विद्यार्थिनी सगळा तास गप्प होती, नंतर एकटीच थांबली आणि दप्तरातून वडिलांच्या कर्जाचा घडी घातलेला कागद काढला, मग आम्ही दोघींनी बसून त्याचा दर काढला.