डब्यातल्या माशाचे कमी तेलातले कटलेट: आधी काय काय तयार हवं

डब्यातल्या टूनाचे किंवा तारलीचे कटलेट तव्यावर थोड्या तेलात करायचे असतील तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा: मासा पिळायचा. मागच्या वेळी माझं नेमकं तेच राहिलं आणि पहिल्याच पलटीला सगळ्याचा भुगा झाला, म्हणून ही यादी लिहून ठेवतेय. कढईभर तेलात ओलसर मिश्रणही निभावून जातं, कारण गरम तेल चारी बाजूंनी एकदम लागतं आणि वरचा थर पटकन धरतो. तव्यावर तसं होत नाही, एका वेळी एकच बाजू भाजते, तीही हळूहळू, आणि तेवढ्यात आतलं पाणी सुटलं की कटलेट तव्याला धरतं आणि उचलायला गेलं की मोडतं. तेल कमी करायचंय ना, मग पाणी आधी कमी करा.

मासा. १८० ग्रॅमच्या आसपासचे दोन डबे पुरतात, पण डब्यावर ड्रेन्ड वेट, म्हणजे पाणी काढल्यावरचं वजन, वेगळं लिहिलेलं असतं ते बघा, हाताला तेवढाच मासा लागणार आहे. मिठाच्या पाण्यातला घ्या. तारली मिळाली तर मी टूना सोडून तारलीच घेईन, लहान मासा, ओमेगा-३ भरपूर, पारा कमी, आणि तिचे काटे डब्यातच इतके मऊ शिजलेले असतात की चमच्याने दाबले की मिसळून जातात, ते काढत बसू नका, कॅल्शियम त्यातच आहे. फक्त टोमॅटो सॉसमधली तारली नको, तो सॉस कितीही निथळा, राहतोच. घरात कुणी गरोदर असेल किंवा लहान मुलं खाणार असतील तर टूना सारखासारखा करू नका. आणि डबा फुगलेला दिसला तर उघडून वास घ्यायच्या भानगडीत पडायचंच नाही, सरळ टाकून द्या.

आता पिळणं. डबा चाळणीत उपडा केला, पाणी गेलं, झालं, असं नाही. दहा मिनिटं निथळू द्या, चमच्याने दाबा, मग स्वच्छ सुती फडक्यात बांधून चक्क्यासारखा पिळा. टूना वरून कोरडा दिसतो पण त्याच्या धाग्याधाग्यांत पाणी असतं, दुसऱ्यांदा पिळलं तरी फडकं ओलं होतं. बोटांनी मोकळा केल्यावर धागे सुटे पडले आणि ताटलीला ओल लागली नाही की थांबा. तारली मऊ असते, ती फडक्यात जोरात पिळली तर लगदा होईल, तिला चाळणीतच हलक्या हाताने दोन-तीनदा दाबा. पिळताना थोडं मीठही निघून जातं, तेही बरंच.

बटाटे दोन मध्यम, सालासकट, अख्खे उकडायचे. चिरून उकडले की पाणी पितात. उकडून पूर्ण गार करा, शक्य असेल तर आदल्या रात्रीच उकडून फ्रीजमध्ये ठेवा, आणि कुस्करू नका, किसा. गरम बटाटा घातला तर वाफेचं पाणी परत मिश्रणातच जाणार, मग मासा पिळून उपयोग काय? बटाट्याऐवजी रताळं घालायला सांगतात, चवीला छान लागतं पण चिकट होतं आणि तव्यावर लवकर करपतं. अर्धं बटाटा, अर्धं रताळं इथपर्यंत ठीक.

कांदा बारीक चिरून चमचाभर तेलावर पाणी आटेपर्यंत परता. कच्चा घालू नका, मीठ लागलं की पाणी सोडतो. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर हे वाटण पाणी न घालता, खलबत्त्यात झालं तर उत्तम. कोथिंबीर धुऊन पंचावर पसरून वाळवायची, ओली झटकून घातलेली चालत नाही, खरंच चालत नाही. आंबटपणाला लिंबू न पिळता आमचूर घाला. तारलीला दोन-तीन तिरफळं ठेचून घातली तर तिचा उग्र वास जातो, आतली काळी बी काढून टाका, नुसतं टरफल घ्यायचं. बाकी हळद, मिरपूड, मसाला तुमच्या घरचा.

बांधायला जाडे पोहे, अर्धी वाटी, कोरडेच भाजून मिक्सरमधून भरड काढलेले. राहिलीसाहिली ओल ते ओढून घेतात. ओट्सची भरडही चालते. भिजवून पिळलेला ब्रेड अजिबात नको, मासा पिळून काढलेलं पाणी ब्रेडमधून परत आणायचं असेल तरच घाला. अंडं एकच, तेही शेवटी. त्याआधी चिमूटभर मिश्रण चाखून बघा, कारण डब्यातला मासा शिजलेला आणि खारट असतो, मीठ आधी टाकलंत तर काढता येणार नाही, आणि अंडं पडल्यावर कच्चं चाखता येणार नाही.

मुठीत दाबून बघा. तळहाताला ओल लागली तर मासा नीट पिळला गेलेला नाही. अजून थोडी पोह्याची भरड घाला, पण ती घालत राहिलात तर पोह्याचेच कटलेट होतील, त्यामुळे पुन्हा सांगते, मासा आधीच पिळा.

अर्धा इंच जाडीचे थापा, कडेला भेगा राहू देऊ नका, मग ताटात मांडून न झाकता अर्धा तास फ्रीजमध्ये. पाहुणे दारात आले तरी हा अर्धा तास गाळू नका. बाहेर काढल्यावर बारीक रव्यात घोळवा, रवा आधी लावून ठेवलात तर ओला होऊन मऊ पडतो.

बिडाचा तवा, मध्यम आच, तेल ब्रशने. एका बाजूला चार-पाच मिनिटं, कड लाल दिसेपर्यंत हात लावायचा नाही, मग पातळ कालथ्याने एकदाच उलटा. तव्यावर गर्दी नको. ओव्हन असेल तर २०० डिग्रीवर वीस-पंचवीस मिनिटं, वरून थोडं तेल लावून, मध्ये एकदा उलटून.

सोबत हिरवी चटणी, कांदा, लिंबू. सॉसमध्ये साखर असते, मुलांना हवाच असेल तर थोडा.

उरले तर थापलेले कच्चेच फ्रीजरमध्ये, मध्ये बटर पेपर घालून. डब्यातला मासा उरला तर डब्यातच ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा.