लॅपटॉप उठतो आणि लगेच पुन्हा झोपतो? सस्पेंडचं बटण लावताना या चुका टाळा

लिनक्सवर सस्पेंडच्या, म्हणजे मशीन झोपवण्याच्या, बटणाचा घोळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो: त्या बटणाकडे कान लावून बसलेले दोघे-तिघे असतात. सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) हिच्यातला लॉगइनडी स्लीपचं बटण आणि झाकण मुळातच सांभाळतो. गनोम किंवा केडीईसारखा डेस्कटॉप असेल, तर ते त्याला थांबवून काम स्वतःकडे घेतात. त्यात जुनी सूचना वाचून कुणी एसीपीआयडी (बटण दाबलं की स्क्रिप्ट चालवणारी सेवा) बसवून त्याचीही स्क्रिप्ट लिहिली, की झालं. मशीन झोपतं, उठवलं की लगेच परत झोपतं, कारण दुसऱ्याची विनंती आत्ता कुठे पुढे सरकलेली असते. लोक मग बायोसला शिव्या घालतात. त्याआधी ‘सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट’ चालवून बघा. ‘हँडल-सस्पेंड-की’ कुणी अडवून ठेवलंय ते तिथे दिसतं. एकालाच ठेवा, बाकीच्यांना गप्प करा. नुसता आय३ किंवा स्वेसारखा विंडो मॅनेजर वापरत असाल, तर लॉगइनडीच बरा. त्याची कॉन्फ (सेटिंगची) फाइल बदललीत, तर चालू ग्राफिकल सत्रात तो रीस्टार्ट करू नका. सत्र कोसळू शकतं. सरळ रीबूट करा.

बटण दाबून काहीच होत नसेल, तर आधी ते कर्नलपर्यंत (लिनक्सच्या गाभ्यापर्यंत) पोचतंय का ते पाहा. इथे दाबलेली बटणं दाखवणाऱ्या एक्सईव्हीवर विसंबू नका, कारण डेस्कटॉपने बटण आधीच पकडलं असेल तर त्याला ते नीट दिसत नाही. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन इव्हटेस्ट चालवा, तो थेट कर्नलकडची बटणं दाखवतो. स्लीपचा कोड १४२ येतो. एक्स या ग्राफिकल यंत्रणेत तोच ८ मिळवून १५० होतो, आणि या फरकात बरेचजण अडकतात. एफएनची बटणं कधीकधी मुख्य कीबोर्डवर नसून इव्हटेस्टच्या यादीतल्या वेगळ्या इनपुट डिव्हाइसवर असतात, तेही तपासा.

जागं करण्याचं बटण शॉर्टकटांत शोधत बसू नका. एस३ मध्ये, म्हणजे गाढ झोपेत, प्रोसेसर बंद असतो, तुमचा शॉर्टकट ऐकणार कोण? कशाने उठायचं ते फर्मवेअर आणि ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ ठरवतात. या फाइलीत डिव्हाइसचं नाव लिहिलं की त्याची स्थिती उलटते: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. म्हणून बूट-स्क्रिप्टमध्ये आधी वाचा, मगच लिहा. यूएसबी कीबोर्डसाठी त्याच्या ‘पॉवर/वेकअप’मध्ये ‘एनेबल्ड’ हवं.

झोपलेल्या मशीनची बॅटरी उतरते? ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ पाहा. चौकटी कंस ‘एस२आयडल’भोवती असेल, तर झोप हलकी आहे. यादीत ‘डीप’ (गाढ झोप) नसेलच, तर कर्नल पॅरामीटर देऊन ते उगवणार नाही.

पीएम-युटिल्स या झोप सांभाळणाऱ्या जुन्या साधनाच्या स्क्रिप्ट सिस्टमडीवर चालत नाहीत. नव्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवा, एक्झिक्युटेबल करा, आणि स्क्रिप्टला ‘प्री’ (झोपण्याआधी) मिळालंय की ‘पोस्ट’ (उठल्यावर) ते तपासायला विसरू नका.

लिनक्स सोडून फ्रीबीएसडी ही प्रणाली असेल, तर बटणाच्या नादी लागण्याआधी हाताने ‘एसीपीआयकॉन्फ -एस ३’ देऊन मशीन झोपून नीट उठतं का ते पाहा. ओपनबीएसडी या तशाच प्रणालीवर झोपवण्याची ‘झेडझेडझेड’ ही आज्ञा चालायला एपीएमडी ही सेवा चालू लागते.