प्रमाणपत्र जुनं, जाहिरात नवी : निवडणूक प्रचारात या चुका टाळा

एका विधानसभा निवडणुकीत मी एका अपक्ष उमेदवाराच्या प्रचाराचं काम पाहत होतो. केबलवर दाखवायच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीला, प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या जिल्हा समितीचं प्रमाणपत्र वेळेत मिळालं. मग कुणीतरी सुचवलं, शेवटी रस्त्यांबद्दलचं एक वाक्य घालू या. एडिटरने घातलं, फाईल केबलवाल्याकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नोटीस हातात पडली. आमच्याकडे प्रमाणपत्र होतं, पण ते आधीच्या जाहिरातीचं. दोन दिवस प्रचार सोडून खुलासे लिहीत बसलो.

ही चूक दर निवडणुकीत कुणाकडून तरी होतेच, म्हणून आधी तिच्याबद्दल. माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे बोलीतल्या ‘एमसीएमसी’कडे अर्ज करताना जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता, म्हणजे जाहिरातीत बोललेला सगळा मजकूर लिहून द्यावा लागतो. समिती मंजूर करते ती तेवढीच जाहिरात. नंतर घातलेलं वाक्य, बदललेला आवाज, शेवटी चिकटवलेलं चिन्ह समितीने पाहिलेलंच नसतं. बदल करायचा असेल तर सरळ नवा अर्ज करा. मंजूर फाईलच्या नावातच प्रमाणपत्राचा क्रमांक टाका आणि बाकीच्या फाईली त्या फोल्डरमधून काढून टाका. एवढ्याने निम्मा गोंधळ संपतो.

अर्जाला उशीर ही दुसरी चूक. टीव्ही आणि केबलवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन, म्हणजे दाखवण्याआधीच समितीचं प्रमाणपत्र लागतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशापासून. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी किमान ७ दिवस आधी अर्ज करायचा असतो. अर्जात निर्मितीचा खर्च, किती वेळा दाखवणार, कोणत्या दराने, हे सगळं लिहावं लागतं. अर्ज परत येतो तो बहुधा या रकान्यांमुळे, म्हणून केबलवाल्याकडून दरपत्रक आधीच घेऊन ठेवा. रेडिओ, सिनेमागृह, ई-पेपर, समाजमाध्यमांवरच्या सशुल्क जाहिराती, मोबाइलवर एकगठ्ठा जाणारे ध्वनिसंदेश, या सगळ्यांना प्रमाणन लागतं. तुम्ही स्वतःच्या खात्यावर टाकलेला साधा मजकूर किंवा फोटो यात येत नाही. पैसे मोजून तीच पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोहोचवलीत, की ती जाहिरात झाली. जिल्हा समितीने नकार दिला तर राज्यस्तरीय समितीकडे दाद मागता येते, पण त्यासाठी हाताशी दिवस उरायला हवेत.

प्रचाराच्या तोफा थंडावल्यावरचे ४८ तास सगळ्यात धोक्याचे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेपासून हे तास मागे मोजायचे. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मतदान संध्याकाळी ६ ला संपणार होतं, म्हणून तिथे जाहीर प्रचार १८ तारखेला संध्याकाळी ६ ला थांबला. कार्यकर्ते मात्र मतदानाच्या आदल्या मध्यरात्रीपासून मोजतात आणि फसतात. त्या काळात सभा, मिरवणूक, टीव्हीवरचा प्रचार, एकगठ्ठा एसएमएस, सगळं बंद. भोंग्याशिवाय घरोघरी जाता येतं. आधीच वेळ लावून ठेवलेल्या जाहिराती कुणी बंद करायच्या, हे नाव घेऊन ठरवा, कारण त्या आपोआप थांबत नाहीत. या कलमाच्या भंगाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोलीस आधी बोलावतात ते बटण दाबणाऱ्या विशीतल्या पोराला. म्हणून हे इतकं पोटतिडकीनं लिहितोय.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला एरवी पूर्वप्रमाणन लागत नाही, पण मतदानाचा दिवस आणि त्याचा आदला दिवस या दोन दिवसांच्या अंकांसाठी लागतं. अर्ज प्रसिद्धीच्या दोन दिवस आधी.

पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, हे त्याच अधिनियमाचं कलम १२७अ सांगतं. छापखान्याला प्रकाशकाचं घोषणापत्र द्यायचं असतं, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या. हे राहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘रात्रीत छापून दे’ म्हणताना ते घोषणापत्र सोबत न्या.

आता खर्च. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, गोव्यात २८ लाखांची. ‘हा खर्च हितचिंतकाने केला, आपला नाही’ हा समज महागात पडतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हाच आहे, आणि परवानगी दिली की तो खर्च उमेदवाराच्या खात्यात. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो फलकावर झळकला, तरी खर्चाचा वाटा त्याच्या नावावर पडतो. समाजमाध्यमं सांभाळणाऱ्या मुलांचे पगारही धरायचे. आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन बातमीच्या रूपात छापून आणलेला प्रचार. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत अशा मजकुराचा खर्च दाखवला नाही, म्हणून निवडणूक आयोगाने २०११ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पेड न्यूजची नोटीस आली तर ४८ तासांत उत्तर द्या. उत्तर दिलं नाही तर समितीचा निर्णय अंतिम मानला जातो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा, हरलेल्यानेही. हरलेले उमेदवार नेमके इथेच ढिले पडतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला आवाज किंवा चेहरा वापरलात तर तसं ठळक लिहा. खोटी ध्वनिचित्रफीत पक्षाच्या लक्षात आल्यावर ३ तासांत काढावी, असं आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं आहे.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले आदेश आणि खर्चमर्यादा वेगळ्या असतात. विधानसभेच्या नियमांची जुनी यादी तिथे चालवू नका, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून त्या निवडणुकीचे आदेश पहिल्याच दिवशी मागून घ्या.