पहिलं रायडिंग जॅकेट घेताय? या चुका टाळा

वणीसारख्या तालुक्याच्या गावात रायडिंग जॅकेटचं दुकान नसतं. पोरं नागपूरला जातात नाहीतर मोबाइलवरून मागवतात, आणि टॅग फाडून झाल्यावर दाखवायला आणतात. "दादा, कसं आहे?" पैसे गेल्यावर हे विचारून काय उपयोग? तेव्हा घेण्याआधीच वाचा. मी बजेट पाच ते नऊ हजारांचं धरतो आहे. एवढ्या पैशात कापडी जॅकेट बऱ्यापैकी मिळतं. चामड्याचा विचार आपल्या उन्हात करूच नका.

एक साइज मोठं घेणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे कपडा ऐसपैस घ्यायची सवय आहे. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरला पाहिजे, लग्नातला कोट बसून जेवताना दाटायला नको. तीच सवय घेऊन माणूस जॅकेटच्या दुकानात जातो. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला की त्याला बरं वाटतं, आणि दुकानदारालाही जो साइज पडून आहे तो खपवायचाच असतो.

पण रायडिंग जॅकेटचं कापड तुम्हाला खरचटण्यापासून वाचवतं, हाडाला वाचवतो तो आतला प्रोटेक्टर, म्हणजे खांद्या-कोपराच्या आतल्या खिशात बसवलेली, मार झेलणारी गादी. तो खांद्याच्या आणि कोपराच्या हाडावर नेमका बसलेला असेल तरच मार झेलतो. बाही ढगळ असली की पडताना ती हाताभोवती फिरते आणि प्रोटेक्टर भलतीकडे जातो.

माझ्या मित्राच्या धाकट्या भावाचं असंच झालं. वणी–घुग्घुस रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथल्या कोळशाच्या भुकटीबद्दल सांगायला नको. ट्रकमधून सांडते, वळणावर साचते, आणि कोरडी असली तरी चाक धरू देत नाही. पोरगा वळणावर घसरला. वेग फार नव्हता, डोक्यात पक्कं हेल्मेट, अंगात नवं कोरं जॅकेट. तरी कोपराचं हाड मोडलं, ऑपरेशन करून तार घालावी लागली, आणि मनगटापासून वरची कातडी सोलून निघाली.

ते जॅकेट नंतर मी हातात घेऊन नीट पाहिलं. कापड कुठेच फाटलेलं नव्हतं. कोपराचा प्रोटेक्टर खिशातून काढला तर त्यावर एक ओरखडा नाही, एक दबलेली जागा नाही, जणू आत्ताच पाकिटातून काढला. मार बसला तेव्हा तो कोपराच्या आतल्या अंगाला गेलेला होता. बाहीचं तोंड एवढं रुंद की घसरताना ती सरळ वर सरकली आणि उघडा हात डांबरावर घासत गेला. त्याच्या मापापेक्षा दोन साइज मोठं जॅकेट. नागपूरच्या दुकानात त्याला सांगितलं होतं, "भाऊ, अंगभर असू द्या, थंडीत आतून स्वेटर घालता येते." चांगल्या जॅकेटचे पैसे मोजून त्याला काहीच मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो.

मी कुणासोबत खरेदीला गेलो की काय करायला लावतो ते सांगतो. आधी आतलं पावसाचं आणि थंडीचं अस्तर दोन्ही काढायचं, कारण आपल्याकडे वर्षातला बराच काळ ते घरीच पडून राहणार. मग रोजचा शर्ट घालून वर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, दंडाचे, मनगटाचे, कमरेचे सगळे पट्टे आवळलेले. आणि त्यानंतर आरशासमोर उभं राहायचं नाही, गाडीवर बसायचं. दुकानाबाहेर स्वतःची गाडी उभी असतेच. हँडल धरलं की कोपर वाकतं, आणि वाकलेल्या कोपराच्या टोकावर प्रोटेक्टरचा मध्य आला पाहिजे. सोबत्याला सांगा, प्रोटेक्टर बाहेरून मुठीत धरून फिरवून पाहा. बोटभर हलला तर चालेल, हाडावरून उतरला तर ते जॅकेट परत टांगा. मग त्याने बाहीचं टोक धरून कोपराकडे ओढायचं. मनगट सोडून वर गेली तर तीही नापास.

उभं राहिल्यावर छातीत आणि खांद्यात थोडं आवळल्यासारखं वाटेल. वाटू द्या. गाडीवर बसल्यावर ते जागेवर येतं, आणि जॅकेटही वापरात थोडं सैलावतं. श्वास अडकत असेल किंवा हँडल पूर्ण वळवताना पाठ ओढली जात असेल तरच वरचा साइज. पोट सुटलेल्यांनी पोटाच्या मापाने जॅकेट घेऊ नये. छाती-खांद्याचं माप धरा आणि कमरेला दोन्ही बाजूंनी सैल करता येणारे पट्टे असलेलं मॉडेल शोधा. रायनॉक्स, सोलेस, व्हायाटेरा, रॉयल एनफिल्ड, प्रत्येक कंपनीचा मापाचा तक्ता वेगळा. शर्टाचा एल म्हणून जॅकेटचाही एल, असं धरू नका. टेप घेऊन छाती मोजा. दोन साइजच्या मधे अडकलात तर लहान साइज आधी घालून पाहा.

"सीई आहे ना" म्हणून समाधान मानणं

सीई म्हणजे युरोपातल्या सुरक्षा-नियमांची खूण. पण कुठल्या भागाला सीई? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. खिशातून प्रोटेक्टर बाहेर काढा, त्यावरच छापलेलं असतं. खांदा आणि कोपरासाठी ईएन (युरोपीय मानक) १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२, सोबत मोटारसायकलस्वाराचं चित्र आणि लेव्हल १ किंवा २. आकडा नुसता शोभेचा नाही. खांदा-कोपराच्या चाचणीत ५० ज्यूलचा आघात देतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत.

आपल्या भागातल्यांनी आणखी एक खूण शोधावी: टी प्लस. म्हणजे तो प्रोटेक्टर ४० अंशांवर तापवूनही तपासलेला आहे. मऊ प्रोटेक्टर उन्हात आणखी मऊ पडतात, आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो हे काय सांगायचं!

पाठीचं मात्र हमखास फसतं. स्वस्त जॅकेटमध्ये पाठीच्या खिशात बऱ्याचदा साधा फोम असतो. जाड असतो, बरा दिसतो, पोरं खूश. त्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो तिथे फक्त खिसा भरायला आहे. एकदोन हजार बाजूला ठेवा आणि पाठीचा प्रोटेक्टर वेगळा घ्या, खिशाचं माप मोजून. मोबाइल होल्डर आणि फॉग लाइटला पैसे निघतात, मणक्यासाठी निघत नाहीत, हे मला पटत नाही.

पूर्ण जॅकेटचं मानांकन वेगळं, ईएन १७०९२. त्यात एएए सगळ्यात वर, मग एए, मग ए. या बजेटात जाळीच्या जॅकेटला ए मिळाला तरी चांगलं समजा. सी लिहिलेलं असेल तर त्यात फक्त प्रोटेक्टर धरून ठेवायची सोय आहे, घासण्यापासून संरक्षणाची हमी नाही. ऑनलाइन मिळणारी, वर प्लास्टिकच्या ढाली शिवलेली पातळ जाळी रस्त्यासाठी घेऊच नका.

६०० डी म्हणजे मजबूत, असं समजणं

डी म्हणजे डेनिअर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्यातून धाग्याची जाडी कळते, ताकद नाही. ५०० डी कॉर्ड्युरा (हे एका मजबूत कापडाचं ब्रँडनाव) सहसा नायलॉनचं असतं आणि घासणीला ६०० डी पॉलिस्टरपेक्षा सहसा जास्त टिकतं. त्याहून महत्त्वाची शिवण. खांदा आणि कोपरावर किमान दुहेरी शिवण पाहा, कापड शाबूत राहून शिवणच उसवली तर सगळं व्यर्थ. जाळी छातीला, पाठीला हवी. खांद्यावर आणि कोपरावर जाळी दिसली की पुढचं जॅकेट दाखवा म्हणायचं.

थंडीत जाऊन जॅकेट घेणं

डिसेंबरात घेतलेलं जाड, काळं जॅकेट मार्चमध्ये खुंटीला जातं आणि तिथेच राहतं. आमच्याकडे हे इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मी आधीच विचारतो, "एप्रिलात दुपारी घालशील का बे हे?" उत्तर द्यायला थांबला तर ते जॅकेट त्याच्यासाठी नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) ऋतू पाहून रस्त्यावर येत नाहीत. पांढरकवड्याकडे जाताना संध्याकाळी रोही आडवा आला तर ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही. जाळीचं आणि फिक्या राखाडी रंगाचं घ्या. थंडीला आतून स्वेटर नको, वरून विंडचीटर घाला, म्हणजे फिटिंग बिघडत नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र जाळीनेही भागत नाही. वारा अंगापेक्षा गरम असला की तो गार करत नाही, अंगातलं पाणी ओढून नेतो. मी आतली बनियान आणि गळ्यातला दुपट्टा भिजवून पिळून घालतो, वाळला की पुन्हा भिजवतो. आणि शक्य तेवढं काम सकाळी दहाच्या आत उरकतो. गरम होतं म्हणून कोपराचे प्रोटेक्टर काढून डिक्कीत ठेवणारे पाहिले की जीव तळमळतो. तेवढ्याने फारसं गार होत नाही, आणि नेमकं जे घ्यायला पैसे मोजले तेच अंगावर उरत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आतल्या रेनलायनरच्या, म्हणजे पावसाच्या अस्तराच्या, भरवशावर पावसाळा काढू नका. वरचं कापड भिजून जड होतं आणि बाहेरच्या खिशातली कागदं जातात. सरळ वरून रेनकोट घाला.

वापरलेलं जॅकेट पडलेल्या गाडीसोबत स्वस्तात मिळालं तर प्रोटेक्टर नवेच टाका. मोठा मार झेललेला प्रोटेक्टर वरून धड दिसला तरी बदलायचा.

सगळे पैसे जॅकेटवर संपवू नका. पडताना माणूस आधी हात टेकतो, तेव्हा हातमोजे त्याच दिवशी घ्या, आणि ते जॅकेटच्या बाहीत किंवा बाहीवर नीट बसतात का तेही दुकानातच पाहा.

धुताना प्रोटेक्टर काढा, साध्या साबणाच्या पाण्यात भिजवा आणि हाताने चोळा. दगडावर आपटायचं नाही, मोगरीने बडवायचं नाही. वाळत घालायचं सावलीत, कारण आपलं ऊन नायलॉनच्या धाग्याचा जोर काढून घेतं. आणि प्रोटेक्टर परत घालताना डावा-उजवा आणि वर-खाली पाहून घाला. उलटा घातलेला कोपराचा प्रोटेक्टर मी याच महिन्यात एकाच्या बाहीतून काढून सरळ केला.