व्हिक्टोरियन वेड्यांच्या इस्पितळातली रहस्यकथा लिहायचीय? आधी बाईला नीट आत टाका

साल एकच ठरवा आणि त्याला चिकटून राहा. मी 1863 घेते. धुकं, मेणबत्त्या, किंचाळ्या सगळ्यांनाच जमतात, त्यात वेळ घालवू नका. साखळदंडही जरा आवरा, लंडनजवळच्या हॅनवेलच्या मोठ्या ॲसायलममध्ये, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, डॉ. जॉन कॉनोलींनी 1839 पासूनच पेशंटना बांधून ठेवणं बंद केलं होतं. विजेचे झटके तर 1938 चे, ते व्हिक्टोरियन कादंबरीत आले की मी पुस्तक मिटते.

आता खरी गोची. बाईला आत टाकायचं कसं?

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नवरा रात्री बग्गीतून बायकोला आणतो, डॉक्टर गेट उघडतो, संपलं. नऊ प्रकरणं लिहून झाली, आणि एका वकील मैत्रिणीने वाचून विचारलं, "अगं, कागद कुठायत?" नऊच्या नऊ कचऱ्यात. ‘वातावरण जमलं की बाकी चालतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मी ऐकलं होतं.

इंग्लंडच्या 1845 च्या कायद्याप्रमाणे पैसे भरून ठेवलेल्या पेशंटसाठी नातेवाइकाची सही असलेली ऑर्डर लागायची आणि वर दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं. दोघांनी बाईला वेगवेगळं तपासायचं, तेही भरतीच्या आधीच्या सात दिवसांत, आणि दोघं धंद्यात पार्टनर असून चालायचं नाही. गरीब बाईला मात्र एक डॉक्टर आणि एक मॅजिस्ट्रेट पुरायचा, म्हणजे मालकिणीपेक्षा मोलकरणीला गायब करणं सोपं, हे प्लॉटमध्ये वापरा.

सर्टिफिकेटमध्ये दोन भाग असायचे, मी स्वतः काय पाहिलं आणि लोकांनी मला काय सांगितलं. रहस्य इथेच आहे हो, तळघरात नाही! माझ्या कथेत पहिला डॉक्टर ‘स्वतः पाहिलं’च्या खाली लिहितो, "बाई म्हणते, नवरा चहात काहीतरी घालतो, आणि ती कप खिडकीतून ओतते." दुसऱ्याच्या कागदावरही हेच वाक्य, स्वल्पविरामासकट. दोघांनी वेगवेगळं तपासलं म्हणे! नायिकेला एवढं दिसलं की पुढची शंभर पानं आपोआप पळतात.

आणि हे कागद असूनही निरोगी बाई आत जायची, म्हणून तर भीती वाटते. 1858 मध्ये रोझिना बुल्वर-लिटनने मंत्री असलेल्या नवऱ्याला निवडणुकीच्या सभेत सगळ्यांसमोर सुनावलं आणि त्याने तिला रीतसर आत टाकलं, पेपरवाल्यांनी बोंब ठोकल्यावर काही आठवड्यांत सुटली.

आतलं रोजचं जगणं सोपंय: धुलाईघर, शिवणकाम, शेत. पेशंटला शांत करायला ब्रोमाइड चालेल, झोपेचं औषध क्लोरल मात्र 1869 च्या आधी नको.

सुटकेचं मात्र आधीच ठरवून ठेवा. ज्याने ऑर्डरवर सही केली तोच माणूस बाईला सोडवूही शकायचा, म्हणजे दुसरी सही खलनायकाकडूनच काढायची. नाहीतर लंडनच्या कमिशनरांना, म्हणजे या इस्पितळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना पत्र, आणि 1862 नंतर त्यांच्या नावचं पत्र न फोडता पुढे पाठवावं लागायचं. माझ्या नायिकेने पत्र लिहून ठेवलंय, पण तिकीट कुठून आणायचं यावर मी दोन महिने अडकलेय.