खलनायक वेळेआधीच ओळखला जातोय? डीएम लोकांनो, या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र वठवतात, आणि डीएम (डंजन मास्टर) गोष्ट सांगत बाकीचं जग चालवतो. कॅम्पेनचा, म्हणजे अनेक सेशन (बैठका) चालणाऱ्या गोष्टीचा, खलनायक पार्टीच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या) रोजच्या ओळखीतला निघावा, हा बहुतेक डीएमचा लाडका बेत असतो. तो फसतोही वारंवार. कधी दुसऱ्याच सेशनला कुणीतरी म्हणतं, "हाच आहे तो." कधी वर्षभराने मुखवटा उतरतो आणि टेबलावर कुणालाच तो माणूस नीट आठवत नाही. पहिल्या प्रकारात डीएमने फार सूचना दिलेल्या असतात. दुसऱ्यात त्याने गुपितासोबत माणूसही दडवून ठेवलेला असतो. माणूस भरपूर दिसायला हवा, त्याच्याशी घेणं-देणं हवं, भांडणं हवीत. झाकायची आहे ती फक्त एक गोष्ट.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. आल्डन हा शहराचा खजिनदार. मुखवटा चढवला की तो एका गुप्त पंथाचा म्होरक्या, आणि बंदरातून माणसं पळवणं हा त्या पंथाचा उद्योग. नियमांचे दाखले डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. दुसरी सिस्टीम (नियमावली) खेळत असाल तर स्पेलची (मंत्रांची) नावं बदलतील, अडचणी साधारण याच येतील.

अख्ख्या शहरात नाव असलेला एकच माणूस

शिपाई म्हणजे नुसता "एक शिपाई", सराईवाला म्हणजे "सराईवाला". खजिनदाराला मात्र नाव, आवाजाची खास ढब, चांदीच्या मुठीची काठी आणि पार्टीबद्दल अपार जिव्हाळा. खेळाडू अशा वेळी तुमची तयारी वाचतात. ज्याच्यावर जास्त मेहनत दिसते तो महत्त्वाचा, आणि महत्त्वाचा असून फुकट मदत करतोय म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं. हे अनुमान अगदी रास्त आहे, त्याबद्दल खेळाडूंना दोष देऊ नये.

आल्डनच्या तोलाची आणखी तीन-चार माणसं उभी करा आणि प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी असू द्या. बंदराची अधिकारी लाच खाते. पुजाऱ्याची श्रद्धा उडाली आहे आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो धडपडतोय. पहारेकऱ्यांचा नायक पंथात अडकलेल्या भावाला पाठीशी घालतोय. ही रहस्यं खरी हवीत, उलगडली की पार्टीच्या हाती काहीतरी लागायला हवं. नुसती दिशाभूल म्हणून पेरलेली माणसं लवकर उघडी पडतात, आणि सेशन वाया गेल्याचा राग वेगळाच.

आल्डनची मदतही फुकट नको. त्याने मोबदल्यात काही मागावं, घासाघीस करावी, कधी तोंडावर नकार द्यावा. बक्षिसाच्या मोहरांतून कर कापून घेणाऱ्या माणसाचा खेळाडूंना वैताग येतो, आणि वैतागलेला खेळाडू सहसा संशय घ्यायच्या भानगडीत पडत नाही.

"तो खोटं बोलतोय का?" या प्रश्नाला गडबडून उत्तर देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. खेळाडू इनसाइटचा रोल करतो, म्हणजे समोरच्याचा हेतू ओळखायला फासा टाकतो, 19 असा जोरदार आकडा येतो, आणि डीएम गुपित वाचवायला सांगून टाकतो, "तो खरं बोलतोय." हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. आल्डनने हवं तितकं खोटं बोलावं. पण डीएम म्हणून तुम्ही जे सांगता तेच खेळाडूंचे डोळे आणि कान असतात. ते एकदा फसवे निघाले की पुढे रिकाम्या खोलीच्या वर्णनावरही कुणी भरवसा ठेवत नाही, आणि गेलेला भरवसा त्या कॅम्पेनमध्ये परत येत नाही.

इनसाइटने मन वाचता येत नाही. हावभाव, बोलण्याची लकब, मधेच बदललेला सूर यांवरून हेतूचा अंदाज बांधता येतो, इतकंच. म्हणून निकाल देऊ नका, दिसलं ते सांगा:

"आल्डन खोटं बोलतोय का?"

"तो शांत आहे. पोरं हरवली याचं त्याला वाईट वाटतंय, आणि ते ढोंग वाटत नाही. फक्त तू तिसऱ्या गोदीचं नाव घेतलंस तेव्हा त्याने उचललेला पेला न पिताच खाली ठेवला."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्याला वाईट वाटतंच, कारण पळवलेल्यांत मुलंही आहेत हे त्याला कालच कळलंय. चांगल्या रोलची किंमत खेळाडूला मिळाली, तरी आल्डन अजून खजिनदारच आहे.

याहून पक्का उपाय म्हणजे खलनायकाला खोटं बोलायची वेळच कमी येऊ देणं. "गोदीवर माझी माणसं रोज असतात" हे खजिनदाराने म्हटलं तर त्यात खोटं काय? जकात वसूल करायला ती असतातच. सेशनच्या आधी त्याची अशी खरी पण अर्धी चार-पाच वाक्यं लिहून ठेवा. आणि नुसता रोल मागितल्यानेच संशय येणार असेल तर मागू नका. प्रत्येकाचा पॅसिव्ह इनसाइट (फासा न टाकता धरायचा आकडा), म्हणजे 10 अधिक त्याचा मॉडिफायर (त्या कौशल्यासाठी मिळवायचा आकडा), तुमच्या वहीत असू द्या आणि आल्डनचा डिसेप्शन (फसवण्याचं कौशल्य) त्याच्याशी ताडून पाहा.

स्पेल विसरणं, आणि मग घाबरून सगळेच स्पेल बंद पाडणं

क्लेरिकला (दैवी मंत्र वापरणाऱ्या पुजारी पात्राला) तिसऱ्या लेव्हललाच झोन ऑफ ट्रुथ हा खोटं बोलू न देणारा स्पेल मिळतो. आल्डन सेव्ह (स्पेलपासून वाचायचा रोल) काढेल या आशेवर बसू नका. 15 फूट त्रिज्येच्या त्या जागेत तो असेपर्यंत दर फेरीला करिष्मा सेव्ह करावा लागतो, 10 मिनिटांत 100 फेऱ्या होतात, आणि सेव्ह फसला की स्पेल टाकणाऱ्याला ते कळतं. खरी वाट नियमातच आहे. स्पेलखाली आलेल्याला त्याची जाणीव असते आणि तो उत्तर टाळू शकतो, फक्त मुद्दाम खोटं बोलू शकत नाही. वर लिहिलेली अर्धी वाक्यं इथे पुन्हा कामाला येतात. शिवाय शहराच्या खजिनदाराला जादूखाली उभं करणं हा त्याचा अपमान आहे. तो नगरसभेसमोर तसं म्हणेल, आणि सभा त्याची बाजू घेईल.

डिटेक्ट एव्हिल अँड गुडचं नाव ऐकून उगाच धास्ती घेतली जाते. 30 फुटांच्या आत अॅबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड किंवा अनडेड अशा अलौकिक जातींपैकी कुणी आहे का आणि कुठे, किंवा जादूने पवित्र वा अपवित्र केलेली जागा वा वस्तू आहे का, एवढंच त्यातून कळतं. साधा माणूस कितीही दुष्ट असला तरी त्यात सापडत नाही.

स्पीक विथ डेड मात्र गंभीरपणे घ्या. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, पण त्याला जिवंतपणी माहीत होतं तेवढंच ते सांगतं. मारणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलाच नसेल तर प्रश्नच मिटला. त्याच प्रेतावर गेल्या 10 दिवसांत हा स्पेल झाला असेल तर तो पुन्हा चालत नाही, हा नियम तर डीएमसाठी सोन्यासारखा आहे. आल्डन खून झाल्यावर आपल्या विश्वासातल्या पुजाऱ्याकडून तो स्पेल आधीच उरकून घेतो. पार्टीच्या हाती उत्तर लागत नाही, पण नवा प्रश्न लागतो: आपल्याआधी याला कुणी विचारलं?

दुसरं टोक तितकंच वाईट. "तुझा स्पेल चालत नाही" हे एकाच माणसाबद्दल तीनदा ऐकलं की तो कबुलीजबाबच झाला. खलनायकाला एखादंच संरक्षण द्या आणि ते त्याच्या जगात स्वाभाविक वाटू द्या. रिंग ऑफ माइंड शील्डिंग घातली की जादूने विचार वाचता येत नाहीत. ती एकट्या आल्डनच्या बोटात असली तर घात होईल. हेरगिरीच्या भीतीने सभेचे सगळेच सदस्य ती घालतात असं पहिल्या सेशनपासून ठरलेलं असलं तर कुणाचं लक्षही जात नाही.

एकच धागा, तोही कुलुपात

खलनायक आल्डन आहे हे कळण्याच्या किमान तीन स्वतंत्र वाटा ठेवा, कारण खेळाडू एक चुकवतात, एकीचा भलताच अर्थ लावतात आणि तिसरी त्यांना सापडते. उत्तम धागा उपयोगाच्या वस्तूत लपतो. दुसऱ्या सेशनला आल्डनने पार्टीला वेशीचा परवाना दिला, त्यावर हिरवट मेणाची मोहर. आठव्या सेशनला पंथाचं पत्र सापडतं, तेच मेण. परवाना इतके दिवस त्यांच्याच पिशवीत होता. ज्या खेळाडूने तो कॅरेक्टर शीटवर (आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहून ठेवलाय, त्याला तो क्षण एकट्याचा मिळू द्या. मधे बोलून "आठवतंय का?" असं विचारू नका.

टेबलावरची गळती

हे पटकन सांगतो. ऑनलाइन खेळताना टोकनचं (नकाशावरच्या सोंगटीचं) नाव "खलनायक" किंवा "आल्डन-मुखवटा" ठेवू नका, चित्राच्या फाइलचं नावही तपासा. स्क्रीन शेअर करण्याआधी नोट्स बंद करा. आल्डन आला की ठरावीक संगीत लावायची सवय असेल तर सोडा. मुखवट्यातल्या म्होरक्याचा आवाज तुम्हाला वेगळा काढता येत नसेल तर त्याचं बोलणं निवेदनातून सांगा किंवा निरोप पाठवू द्या.

ओळखलं म्हणून गुन्हेगारच बदलणं

कुणीतरी चौथ्या सेशनला आल्डनचं नाव घेतं, आणि डीएम घरी जाऊन म्होरक्या म्हणून पुजाऱ्याला बसवतो. हे करू नका. तोवर दिलेला प्रत्येक धागा त्यामुळे खोटा ठरतो, आणि नीट लक्ष देणाऱ्या खेळाडूलाच शिक्षा होते. ओळखणं आणि सिद्ध करणं यांत मोठं अंतर असतं. आल्डनच्या मागे सभा आहे, पहारा आहे, लोकांची सहानुभूती आहे. खेळ "कोण" वरून "कसं सिद्ध करायचं" वर सरकतो, आणि बऱ्याचदा तो जास्त रंगतो. चेहऱ्यावर काही दाखवू नका, "तुम्ही काय करता?" एवढंच विचारा.

पुरावा नसतानाच त्यांनी तलवारी उपसल्या तर? शेवटच्या क्षणी त्याच्याकडे कधीच नसलेला टेलिपोर्ट देऊन त्याला वाचवू नका. कॅम्पेन सुरू होतानाच एका कागदावर उत्तरं लिहून ठेवा: आल्डन आज मेला तर पंथाची सूत्रं कोण हाती घेईल, त्याच्या खिशात कोणतं पत्र सापडेल, तिसऱ्या गोदीखाली कोंडलेल्यांची किल्ली कुणाकडे आहे, आणि खजिनदाराच्या खुनासाठी पहारेकरी पार्टीला पकडायला किती वेळात येतील. मग डाइस जे सांगतील ते होऊ द्या.